घट्ट पिळू नये

१२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. एक जानेवारीला सगळं जग सुरू करतं आणि पाच तारखेला सोडून देतं. मी मुद्दाम सहा आठवडे थांबलो.

आज सत्तावन्न पूर्ण. वजन लिहीत नाही, काटा बिघडलाय.

संकल्प: रोज लिहायचं. चहा दिवसाला दोनच. कुणाला टोमणे मारायचे नाहीत. संचालकांबद्दल मनात काही ठेवायचं नाही. ज्याला मी ब्युरेट धरायला शिकवलं तो आज माझ्या रजेच्या अर्जावर सही करतो, ही गोष्ट कायमची विसरायची. रोज सकाळी एकदा आठवायची आणि विसरायची.

स्वयंपाकघरातला नळ गळतोय. हिने खाली बादली ठेवलीय. वॉशर आणणे.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी

संचालकांनी बोलावलं. मी आत गेलो तेव्हा खुर्चीवरून उठला नाही. सवयीने 'अरे' म्हणून गेलो, शेजारी स्टेनो बसली होती, मग पुढच्या वाक्यात 'अहो' केलं. पंधरा एप्रिलला समिती येणार आहे. आमच्या रिॲक्टरमधून साठ टक्के हायड्रोजन निघतो का ते बघणार. निघाला तर प्रकल्प चालू. नाही निघाला तर रिॲक्टर भंगारात आणि हॉल बॅटरीवाल्यांना. बॅटरीवाले आत्ताच टेप घेऊन हॉल मोजून गेलेत.

साठ! मी आयुष्यात कधी पास क्लास मागितला नाही. म्हणालो, नव्वद देतो. तो म्हणाला, सर, साठ पुरे आहेत. याची उडी पहिल्यापासून एवढीच.

चहा चार झाले. वाढदिवस होता.

१४ फेब्रुवारी

काल लिहिलं नाही. विचार केला. तोही कामाचाच भाग.

काम काय आहे ते एकदा सोपं करून लिहून ठेवतो, समितीपुढे बोलताना मलाच लागेल. सुताराकडचा भुसा घ्यायचा. बंद नळकांड्यात साडेसहाशे अंशांना तापवायचा आणि त्यावर वाफ सोडायची. भुसा जळत नाही, त्याचे वायू होतात. हायड्रोजन निघतो, पण एकटा येत नाही. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, थोडा मिथेन असं लटांबर बरोबर असतं. म्हणून भुशात भाजलेला चुना मिसळायचा. चुना कार्बन डायऑक्साइड गिळतो आणि हायड्रोजनचा वाटा वाढतो. झालं. अकरा वर्षं लागली.

रिॲक्टर मास्तरीण चालवते. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, वय त्रेचाळीस. शाळेत विज्ञान शिकवायची, सात वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून माझ्याकडे आली. अजून प्रत्येक आकड्याखाली पट्टीने रेघ मारते. तिचा हायड्रोजन सदुसष्ट टक्के. कधी सहासष्ट, कधी अडुसष्ट, पण सदुसष्टच्या आसपास ठाण मांडून. प्रबंधात तोच आकडा घातलाय आणि प्रबंध माझ्या सहीसाठी टेबलावर पडलाय. मे संपायच्या आत जमा झाला नाही तर तिची नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात. म्हणून रोज सकाळी टेबलाकडे एकदा बघून जाते. 

सदुसष्टवर मी सही करणार नाही. प्रबंधावर गाईडचंही नाव असतं.

१७ फेब्रुवारी

चुन्यातच खोट असणार. दगडी पाट्या कोरणाऱ्या कारागिराकडे स्वतः गेलो. तो संगमरवरावर नावं कोरतो, खाली पडलेली पूड आम्ही आणतो, नऊशे अंशांना भाजतो, की चुना तयार. विचारलं, हल्ली दगड बदललात का? म्हणाला, दगड तोच आहे साहेब, नावं बदलतात.

निघताना माझ्या नावाच्या पाटीची चौकशी केली. खाली 'हायड्रोजन' असा शब्द कोरता येईल का? म्हणाला, येईल की, पण घरासाठी की थडग्यासाठी? उद्धट माणूस.

वॉशर आणला. बसवायला वेळ नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी ३.१०

तारीख अधोरेखित करतो. पट्टीने.

मास्तरीण रजेवर, सासू आजारी आहे. सात वर्षांनी रिॲक्टर स्वतः चालवला. आधी पद्धतीप्रमाणे ॲनालायझर जुळवला. शुद्ध हायड्रोजनचा सिलिंडर कोपऱ्यात असतो. तो वायू नळीतून ॲनालायझरमध्ये सोडायचा, काटा शंभरवर येतो ना ते बघायचं आणि सिलिंडरच्या नळीवर, भिंतीपाशी बसवलेला व्हॉल्व्ह बंद करायचा. मग त्याच नळीतून रिॲक्टरचा वायू येऊ द्यायचा. व्हॉल्व्ह दोन बोटांनी बंद केला. अलगद. त्याच्या डोक्यावर माझीच पाटी आहे, लॅमिनेट केलेली: 'व्हॉल्व्ह घट्ट पिळू नये. दोन बोटांनी अलगद बंद करावा. आदेशावरून.' तीन वर्षांपूर्वी एका मेकॅनिकने पिळून पिळून जुना व्हॉल्व्ह मोडला तेव्हा लावली. शुद्धलेखनाची एकही चूक नसलेली संस्थेतली ही एकमेव पाटी.

मग भुसा, चुना, वाफ.

एक्क्याण्णव टक्के.

चष्मा पुसून बघितलं. एक्क्याण्णव. खिडकी उघडून, बंद करून बघितलं. एक्क्याण्णव पूर्णांक चार. कार्बन डायऑक्साइड नावाला. मोनॉक्साइड नावाला. मिथेन तर पार तोंड लपवून बसलेला.

हिला फोन केला. ही म्हणाली, बरं झालं हो, आणि वॉशर मिळाला की नाही? मिळाला म्हणालो. मग बसवा म्हणाली. इतिहास घडत असताना घरातली माणसं काय करत असतात ते कळलं.

२३ फेब्रुवारी

मास्तरीण परत आली. एक्क्याण्णव सांगितलं. अभिनंदन म्हणाली, आणि लगेच, सर, परत करून बघू या का? शिक्षकी पेशा.

तिने केलं. सदुसष्ट. मी मागेच उभा होतो. बाकी सगळं माझ्यासारखंच, फक्त सिलिंडरचा व्हॉल्व्ह तिने मुठीत धरून करकचून पिळला. माझ्या पाटीच्या खाली! तिथल्या तिथे झापलं. ती म्हणाली, सर, सैल राहिला तर… तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हणालो, बाई, पाटी वाचता येते ना? येते म्हणाली.

दुपारी मी केलं. नव्वद.

तोच भुसा, तोच चुना, तीच वाफ. तिचे सदुसष्ट, माझे नव्वद. एकच निष्कर्ष निघतो. काही डॉक्टरांच्या हाताला गुण असतो तसा माझ्या हाताला असावा. शास्त्रीय मासिकात हे लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

२८ फेब्रुवारी

वॉशर बसवला. नळ गळतोच आहे. प्लंबर आला, बघितलं, वॉशर नवा आहे साहेब म्हणाला आणि गेला. हिचं म्हणणं, मी हात धुतले की गळतो, ती भांडी घासून गेली की नाही गळत. मी नळही घट्ट पिळत नाही. तत्त्व घरी एक आणि ऑफिसात एक असं माझं नसतं. तिला आट्यांची झीज या विषयावर वीस मिनिटं समजावलं. ती म्हणाली, तरी जरा जोर लावत जा.

दुसऱ्या कंपनीचा वॉशर आणणे.

३ मार्च

मास्तरणीने दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडून आणले. म्हणाली, सर, चुना फक्त कार्बन डायऑक्साइड खातो. तुमच्या दिवशी मोनॉक्साइड आणि मिथेनही तेवढ्याच पटीत कमी होतात. चुना मिथेन कसा खाईल?

प्रश्न नीट मांडला होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून म्हणालो, चुना चांगला भाजला असेल तर काहीही खातो.

तिने कागद माझ्यापुढे सरकवून ठेवला. अशा वेळी फळ्यापुढे उभं केल्यासारखं वाटतं.

४ मार्च

नवी घडी बसवली. आजपासून रिॲक्टर मीच चालवणार, ती नोंदी ठेवणार. नोंदवहीत तिने एक रकाना घातलाय, 'सिलिंडरचा दाब'. रोज सकाळ-संध्याकाळ! तिच्या दिवशी सकाळी एकशे चाळीस, संध्याकाळी एकशे चाळीस. माझ्या दिवशी एकशे चाळीस आणि एकशे अठ्ठावीस. ही काय किराणा मालाची यादी आहे? रकाना पट्टीने खोडला. खोडताना रेघ वाकडी गेली, ती तिने सरळ करून दिली.

९ मार्च, दुपारी

आजचा दिवस शब्दांत मावणार नाही. शहाण्णव टक्के!

संध्याकाळी ५.२०

रिॲक्टर उघडला तेव्हा कळलं की भुसा आत ढकलणारा स्क्रू सकाळपासून अडकला होता. भुसा जवळजवळ गेलाच नव्हता. तरी शहाण्णव!

याचा अर्थ लावायला वेळ लागला, पण लागला. प्रक्रिया आता इतकी कार्यक्षम झालीय की भुसा लागतच नाही म्हटलं तरी चालेल.

मास्तरणीला सांगितलं. ती खुर्चीत बसली. पाणी हवं का विचारलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, सर, माझं एक ऐकाल? फक्त एकदा, सिलिंडर काढून बाजूला ठेवून बघू या.

म्हणालो, सिलिंडर काढायचा म्हणजे माझ्यावर अविश्वास दाखवायचा. ती म्हणाली, नाही सर, सिलिंडरवर. शब्दांची बरी कसरत.

११ मार्च

अहवाल पाठवला. 'हायड्रोजन: ९१.४ टक्के.' शहाण्णव घातला नाही, लोकांना पचणार नाही. सह-लेखक म्हणून मास्तरणीचं नाव घातलं होतं, तिने येऊन खोडायला सांगितलं. म्हणाली, हा आकडा माझा नाही. माझ्या मनाच्या मोठेपणाला असा काटशह आजवर कुणी दिला नव्हता. म्हणालो, मग प्रबंधातला सदुसष्टही मला माझा वाटत नाही. दोन्ही आकडे जुळेपर्यंत सही थांबली.

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, सर, मे महिना. म्हणालो, मला कॅलेंडर कळतं.

रागाने लिहितोय. चहा सहा.

१६ मार्च

सिलिंडरवाला आला. हा माणूस वीस वर्षं संस्थेत सिलिंडर पोचवतो, सगळ्या खोल्या पाठ आहेत. म्हणाला, साहेब, पूर्वी या हॉलमध्ये सिलिंडर वर्षभर चालायचा. आता महिन्यात तळ दिसायला लागला. तुम्ही इथे बसायला लागलात तेव्हापासून उतरतोय.

असं ऐकल्यासारखं वाटलं पूर्वी कुठेतरी. आठवेना.

नवा सिलिंडर लावून घेतला. काम वाढलं की वस्तू लागणारच. त्यालाही पाटी दाखवली. पाटी वाचून तो माझ्याकडे बघत राहिला. लॅमिनेशन आवडलं असावं.

५ एप्रिल

वीस दिवस लिहिलं नाही. भाषणाची तयारी. भाषण सतरा पानांचं झालंय. पहिली नऊ पानं माझ्याबद्दल, मग हायड्रोजन.

संचालक स्वतः हॉलमध्ये आले. म्हणाले, सर, सदुसष्टचा आकडा घेऊन पुढे जाऊ या, साठच हवेत. मास्तरणीने पढवलं असणार. म्हणालो, अरे, तू परीक्षेतही पासापुरतंच लिहायचास. तो हसला नाही. जाताना म्हणाला, त्यांच्या प्रबंधावर सही तेवढी करून टाका. विचार करतो म्हणालो. केला. नाही करणार.

१४ एप्रिल

उद्या. सूट इस्त्री झाला. दोन बोटांचा व्यायाम केला.

एक किरकोळ सूचना आलीय: पाहुणे हॉलमध्ये असताना ज्वलनशील वायूचे सिलिंडर बाहेर काढावेत. काढा म्हणालो. ॲनालायझर सकाळीच जुळवून घेईन. माझा हायड्रोजन भुशातून येतो, सिलिंडरशी माझा काय संबंध?

१५ एप्रिल

लिहायला वेळ नाही.

१६ एप्रिल

आजही.

१८ एप्रिल, दुपारी, घरी

आजारपणाची रजा. आजार कोणता ते अर्जात लिहिलं नाही. अर्जावर सही कुणाची ते लिहीत नाही.

ही वही मीच वाचणार आहे, तेव्हा झालं ते लिहितो.

समितीची पाच माणसं. अध्यक्षबाई साठीच्या, केस बारीक कापलेले, स्वतः रसायनशास्त्राच्या. संचालक दाराशी. मास्तरीण वही घेऊन भिंतीला. भाषणाच्या तिसऱ्या पानावर अध्यक्षबाई म्हणाल्या, आपण आधी यंत्र बघू या का? सुरू केलं. भुसा, चुना, वाफ.

सदुसष्ट.

म्हणालो, यंत्र गरम व्हायचंय. सगळे थांबले. अर्ध्या तासाने सहासष्ट. एक तासाने अडुसष्ट. ॲनालायझरला टिचक्या मारल्या. एक सभासद मोबाईल बघायला लागला. अध्यक्षबाई म्हणाल्या, अहवालात एक्क्याण्णव आहे. उरलेले तेवीस टक्के कुठे गेले?

मी म्हणालो, चुना खराब झालाय. म्हणालो, या बाईंनी डबा उघडा ठेवला असणार, चुना हवेने मरतो. मोठ्याने म्हणालो. सगळ्यांना ऐकू गेलं.

मास्तरीण पुढे आली. तिने डब्याचं झाकण काढलं, ते घट्ट होतं, काढायला दोन्ही हात लागले. चिमूटभर चुना बशीत घेतला आणि पाण्याचे चार थेंब टाकले. चुना फुसफुसला, वाफा आल्या, बशी इतकी तापली की तिला खाली ठेवावी लागली. मेलेला चुना असं करत नाही. शाळेतल्या मुलालाही कळतं. तिने तसंच दाखवलं, मुलांना दाखवतात तसं.

मग अध्यक्षबाई नळीवर बोट ठेवून निघाल्या. ॲनालायझरपासून मागे मागे, जिथे रिॲक्टरचा फाटा येतो तिथून पुढे, सिलिंडरच्या रिकाम्या कोपऱ्यापर्यंत. बोट व्हॉल्व्हवर थांबलं. वर पाटी. त्यांनी मोठ्याने वाचली. व्हॉल्व्ह घट्ट पिळू नये. दोन बोटांनी अलगद बंद करावा. आदेशावरून. आणि विचारलं, ही कुणी लावली?

मी म्हणालो, मी.

अभिमानाने म्हणालो. हे लिहून ठेवायलाच हवं. त्या क्षणापर्यंत मला काहीही कळलं नव्हतं. पाटीचं कौतुक होतंय असं वाटलं.

त्यांनी पाहुण्यांना दारापाशी पाठवलं आणि सिलिंडरवाल्याला बोलावलं. तो बाहेरच उभा होता. सिलिंडर आत आला, जोडला. मला म्हणाल्या, तुम्ही नेहमी करता तसा बंद करा. दोन बोटांनी केला. काटा चढायला लागला. सत्तर. ऐंशी. मला खरंच बरं वाटलं, देवा, चढताना बघून बरं वाटलं. नव्वद. वळून सगळ्यांकडे बघितलं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

मग मास्तरणीला म्हणाल्या, तुम्ही बंद करा. तिने मुठीत धरून पिळला. काटा उतरला. सदुसष्टवर येऊन थांबला.

भुशातून हायड्रोजन काढतो म्हणून दोन महिने मी सिलिंडरमधला हायड्रोजन मोजत होतो. विकत आणलेला. स्क्रू अडकला त्या दिवशी तर निव्वळ तोच.

 सिलिंडरवाला म्हणाला, आता नेऊ का साहेब परत? त्याचा काही दोष नाही.

सतरा पानं खिशातच होती. घरी आल्यावर ही म्हणाली, लवकर आलात. हो म्हणालो.

१९ एप्रिल

माझं म्हणणं असं की व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो बंद होताना टेकतो ती जागा, निर्मात्याने नीट घासली असती तर दोन बोटं पुरली असती. मूळ दोष निर्मात्याचा. पत्र लिहिणे.

१९ एप्रिल, दुपारी

पत्र लिहिलं. फाडलं. पाटीवर माझंच अक्षर आहे.

चुना खराब असं मी म्हणालो नसतो तर बाकी सगळं चूक म्हणून खपलं असतं. चूक कुणाचीही होते. ते वाक्य चूक नव्हतं. लाज वाटतेय.

३० एप्रिल

निकाल. प्रकल्प चालू राहणार. सदुसष्ट टक्के त्यांना पुष्कळ झाले, अहवालात 'सातत्यपूर्ण आणि विश्वासार्ह' असा शब्दप्रयोग आहे. रिॲक्टरची जबाबदारी मास्तरणीकडे. प्रबंधाचे गाईड आता संचालक. बॅटरीवाले टेप गुंडाळून गेले.

मलाही काम दिलंय. संस्थेतल्या सर्व सूचनाफलकांची तपासणी आणि गरजेप्रमाणे पुनर्लेखन.

हे सांगायला संचालकांनी बोलावलं. मी आत गेलो तेव्हा तो खुर्चीवरून उठला. या सर, बसा सर म्हणाला. स्टेनोला बाहेर पाठवलं. तो बसूनच राहिला असता तर जास्त बरं झालं असतं.

११ मे

तळमजल्यावरचे फलक तपासले. एकूण बावीस. शुद्धलेखनाच्या चुका चौतीस. 'येथे थुंकू नये' मध्ये चूक नाही, पण त्याच्याखाली थुंकलेलं आहे.

हॉलवरून जाताना आतून मशीनचा आवाज आला. आत गेलो नाही. दाराच्या काचेतून दिसलं, व्हॉल्व्हवरची पाटी अजून आहे. काढली नाही तिने. माझ्या सहीशिवाय फलक काढता येत नाही, असा नवा नियम आहे. तोही मीच गेल्या आठवड्यात केला.

पाटी काढायचा फॉर्म स्वतः भरला. कारणाच्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना. 'कालबाह्य' लिहिलं.

२९ मे

मास्तरणीने प्रबंध जमा केला. मुदतीच्या दोन दिवस आधी. दुपारी एक प्रत घेऊन माझ्या नव्या टेबलाशी आली. टेबल जिन्याखाली आहे. म्हणाली, सर, तुमच्यासाठी. बसा म्हणालो, पण दुसरी खुर्ची नव्हती. उभ्यानेच म्हणाली, शाळेचं बोलावणं आलं होतं, पण आता रिॲक्टर सोडवत नाही. चांगलं आहे म्हणालो.  ती गेली.

आभाराचं पान उघडलं. नवरा, सासू, संगमरवराचा कारागीर, सिलिंडरवाला. मग माझं नाव, पदवीसकट. 'ज्यांनी हा विषय दिला आणि सात वर्षं प्रयोगशाळा उपलब्ध करून दिली त्या सरांची मी ऋणी आहे.'

टोमणा शोधला. प्रत्येक शब्द उलटसुलट करून बघितला. चार वेळा वाचलं. टोमणा नव्हताच. तिने खरंच तसं लिहिलंय.

तिला टोमणा मारायचा नव्हता हे कळलं तेव्हा जिन्याखाली कुणी येऊ नये असं वाटलं. आलं नाही कुणी.

२ जून, सकाळी ७.१५

ही बहिणीकडे गेलीय आठ दिवस. घरात मी एकटा. चहा स्वतः केला. एकच.

नळ गळतोय. फेब्रुवारीपासून तीन कंपन्यांचे तीन वॉशर झाले, प्लंबर दोनदा येऊन गेला. बादली भरली होती, ओतली, परत खाली ठेवली. टप. टप. मुठीत धरला. मग सोडला. मग परत धरला आणि पिळला. मास्तरीण पिळायची तसा, करकचून.

थांबला.

पाच मिनिटं तिथेच उभा राहिलो. एकही थेंब नाही.

वॉशर पहिल्यापासून चांगलाच होता.

हिला फोन करायला घेतला, मग ठेवून दिला. परत आली की तिला आपोआप कळेल. बादली उचलून मोरीत पालथी घातली.